दुसरी धून कुणाच्या पट्टीत

भूगावात शुभांगीचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. पाण्याचा टँकरवाला तिच्या गल्लीत वळताना हॉर्न वाजवायचा नाही, कारण हॉर्न ऐकून बाई बाहेर यायची आणि 'रस्ता तुझ्या बापाचा हाय का' इथून सुरुवात व्हायची. समोरच्या सोसायटीच्या वॉचमननं एकदा कुणा पाहुण्याची गाडी तिच्या दारासमोर लावू दिली. ती गाडी संध्याकाळपर्यंत तिथंच अडकली, कारण शुभांगीनं तिच्यामागं घरचा ट्रॅक्टर उभा केला होता, किल्ली कमरेला खोचली होती आणि स्वतः नेऱ्याला भावाकडं जेवायला निघून गेली होती.

लोक म्हणायचे, बाई तोंडानं फाटकी आहे. हे साफ खोटं. तोंड तिचं चांगलं शाबूत होतं, आणि धारदारही. फक्त आपण नेमकं कशावर चिडलोय, हे तिला स्वतःलाच सापडलेलं नव्हतं. रागाचं खरं कारण सापडलं नाही की माणूस टँकरवाल्यावर घसरतो. यात शुभांगीचंच काही विशेष नाही, आपण सगळेच ते करतो आणि वर शहाणे म्हणवून घेतो.

तिच्या नवऱ्यानं, शेखरनं, जमीन बिल्डरला दिली होती आणि उरलेल्या तुकड्यावर तीन मजली घर बांधलं होतं. खाली ही माणसं, वर भाडेकरू. सगळ्यात वरच्या खोल्यांत गौतमी नावाची एक तरुण मुलगी राहायला आली. ती पियानो शिकवायची. पियानो विजेवरचा, पण अंगानं खऱ्यासारखा जड. हमालांनी जिन्याला आणि एकमेकांना शिव्या घालत तो वर नेला होता. आसपासच्या सोसायट्यांतली पोरं दुपारपासून शिकायला यायची आणि सगळी मिळून एकच धून बडवायची. महिनाभर शुभांगीनं ते सोसलं. मग एका दुपारी भाकरी थापता थापता ती उठली आणि पिठाच्या हातांनीच जिना चढली.

"आगं ए पोरी, तुज्याकडं दुसरी धून न्हाई का? येकच किती दिस आयकायची मानसानं?"

गौतमी शहरातली, मऊ बोलण्याची. तिला वाटलं, काकू खरंच विचारतायत. "आहे ना काकू, ह्याच सोनाट्यात दुसरी धून आहे. पोरं तिथपर्यंत पोचतच नाहीत. बसा, वाजवून दाखवते."

शुभांगी भांडायला आली होती, पण दुसऱ्या धुनेनं तिला खाली बसवलं. ती धून वरून हलकेच उतरत होती, मधेच थरथरत होती, पुन्हा उतरत होती. वाजवून झाल्यावर शुभांगीनं हातावरचं सुकलेलं पीठ खरवडलं आणि म्हणाली, "ही कुठल्या पट्टीत हाय? पांढरी पाच?"

गौतमी बघतच राहिली. यात बघत राहण्यासारखं काही नव्हतं. शुभांगीचे वडील, कोंडिबा, नेऱ्याच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि पेटीवाल्याच्या घरात पट्टी म्हणजे काय हे पोरांना शिकवावं लागत नाही. गाणाऱ्यानं सा जिथं धरला ती त्याची पट्टी. पेटीवरच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर धरला तर पांढरी एक, पाचवीवर धरला तर पांढरी पाच. बुवा खालच्या पट्टीत गायचे, बायका वरच्या. बाई गायला बसली की कोंडिबा आपली बोटं मुकाट सरकवायचे. लहान शुभांगी घाबरत घाबरत भजनाला बसायची तेव्हा ते म्हणायचे, "तू धर बाय तुजा सा. म्या येतो मागनं." गाणाऱ्याची पट्टी आधी आणि पेटी मागनं, हा नेऱ्यातला कायदा होता आणि त्यात कधी कुणी वाद घातला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून शुभांगी शिकायला लागली, पानावरचे सूर वाचण्यापासून. शेखर म्हणाला, या वयात? तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तेवढ्यानं तो विषय मिटला.

तो सोनाटा, म्हणजे पियानोवर वाजवायची मोठी रचना, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणा संगीतकारानं नवशिक्यांसाठी, सोपा म्हणून लिहिला होता. शुभांगी त्याला 'तो बाबा' म्हणायची. "त्या बाबाला सोपं कशाला म्हंत्यात ठावं व्हतं का?" असं ती सुरुवातीला रोज विचारायची, कारण उजवा हात धून वाजवत असताना डाव्या हातानं तीन सूर सुटे करून गोल गोल फिरवत राहायचे होते. पेटीवर डाव्या हाताला भाता मारण्यापलीकडं काम नसतं. वडिलांच्या पेटीवर बसलेला तिचा डावा हात भाता शोधत मागं जायचा, मग ती त्या हाताला शिवी द्यायची आणि पुन्हा पुढं आणायची. गौतमी सोसायटीतल्या पोरांवर कधी आवाज चढवत नसे. काकूंवर चढवायची तर हिंमतच नव्हती.

सोनाट्याचे तीन तुकडे होते: पहिला चालता, मधला संथ, शेवटचा उड्या मारणारा. शुभांगी पहिलाच शिकत होती, आणि त्या पहिल्याचेही पुन्हा तीन भाग होते. पहिल्या भागात पहिली धून येते, पांढरी एकच्या पट्टीत. सरळ, स्वच्छ, आपल्याच ओट्यावर बसल्यासारखी. मग सूर भराभर चढतात, उतरतात, दम खातात आणि पांढरी पाचमध्ये ती दुसरी धून येते. तिचं घर वेगळं, चाल वेगळी. हा सगळा भाग दोनदा वाजवायचा. हे शुभांगीला फार पटलं. "येकदा सांगून आयकतंय कोन?" ती म्हणाली.

पुढचा भाग तिला त्याहून आवडला. त्यात आधीच्या सुरांची मोडतोड होते, शुद्ध सूर कोमल होतात, पट्टी कुठं टिकत नाही, आणि उजवा हात जे म्हणेल त्याला डावा उलट उत्तर देतो. "हितं भांडान लागलंय," शुभांगी म्हणाली आणि असे हात चालवले की खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं वर येऊन विचारलं, काही पडलं का.

"छान," गौतमी म्हणाली. "आता तिसरा भाग. भांडण संपतं आणि सगळे घरी येतात. सोनाट्याचा नियमच आहे तो. पहिली धून पुन्हा आपल्या पांढरी एकमध्ये. आणि दुसरी धून पण आता पांढरी एकमध्येच. आधी दोघींची घरं वेगळी, शेवटी एक. म्हणून ऐकणाऱ्याला समाधान वाटतं."

"कुनाला?"

"ऐकणाऱ्याला."

"आन् त्या दुसरीला?"

गौतमी हसली. हसायला नको होतं. शुभांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हसतीस काय? तिनं आपली पट्टी सोडायची? का म्हून? पयलीनं का न्हाई सोडायची? आमच्या नेऱ्यात बाई गाया बसली की पेटीवाला बोटं सरकावतो. त्यो म्हनत न्हाई, बाई, माज्या सुरात ये, मला समाधान वाटंल. सगळं नीट चाललेलं, हिची धून हिच्या जागी, त्येची त्येच्या जागी, आन् शेवटाला हिलाच उचलून त्येच्या घरात नेऊन बसवायची? आन् नियम म्हनं!"

"काकू, ते सूर आहेत. माणसं नाहीत."

"सूर लिवनारा मानूसच व्हता ना?" शुभांगीनं पियानोवर त्याचं कापड फेकलं आणि ती खाली निघून गेली. पुढचं पान तिनं उलटलंसुद्धा नाही. त्या दिवशी टँकरवाल्याचं काही खरं नव्हतं.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय होतं, असं कुणाला वाटेल. तर तिचं नाव मुळात शुभांगी नव्हतंच. नेऱ्यात ती उज्वला होती. शेखरच्या घरच्यांना नवरा-बायकोची नावं एकाच अक्षरावरून हवी होती, म्हणजे ऐकायला जोडी बरी वाटते. लग्नानंतर भूगावच्या घरी ताटात तांदूळ पसरले, शेखरला सोन्याची अंगठी दिली आणि त्यानं अंगठीच्या कडेनं तांदळात नवं नाव लिहिलं. मुलीकडची मोठी माणसं तेव्हा सासरी येत नसत, नुसती पाठराखीण म्हणून आलेली मावशी सोबत होती. ताट शेखरकडं तोंड करून ठेवलेलं, त्यामुळं समोर बसलेल्या उज्वलाला अक्षरं उलटी दिसत होती. आपलं नवं नाव तिला सगळ्यात शेवटी कळलं. तोवर लोकांनी पेढे खाऊन हातसुद्धा धुतले होते.

ती तेव्हा रडली नाही, भांडलीही नाही. भांडायचं असतं हेच तेव्हा तिला माहीत नव्हतं. हळूहळू आई गेली, वडील गेले, आणि उज्वला म्हणणारं कुणी उरलं नाही. नेऱ्याला भावाच्या घरीसुद्धा ती शुभांगीआत्या झाली. एकदा पौडच्या बाजारात कुणीतरी मागून 'उज्वला' अशी हाक मारली आणि ती वळली नाही. हाक दुसऱ्याच कुणाला होती. पण आपण वळलो नाही, ही गोष्ट तिला घरी येईपर्यंत आणि नंतरही सलत राहिली. तिच्या लग्नातल्या भांड्यांवर मात्र माहेरच्यांनी आधीच नाव घालून ठेवलं होतं. तिची मुलगी दिशा लहान असताना पितळी तांब्यावरची अक्षरं जोडत वाचायची. तिनं विचारलं होतं, "आई, उज्वला कोण?" शुभांगीनं तांब्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "हुती येक."

सोनाटा सोडून काही दिवस झाले आणि दिशाचं लग्न ठरलं. मुलगा इंद्रजित, लवळ्याचा. दोघं हिंजवडीला एकाच कंपनीत. मुलाच्या घरची माणसं जमीनदार, कॉलेजच्या पोरांना खोल्या भाड्यानं देणारी. घरात कारभार आजीचा, साळूबाईंचा. याद्या करायला मंडळी भूगावला आली. मानपान ठरले, जेवण ठरलं, आणि सुपारी फोडायच्या आधी साळूबाई म्हणाल्या, "आमच्यात नवरीचं नाव बदलत्यात. इंद्रजितची इंद्रानी. मी ठरवलंय."

"चालंल की," शेखर म्हणाला.

शुभांगीनं दिशाकडं बघितलं. दिशा मोबाईलमधून डोकं वर काढून गोड हसली आणि मान हलवली. शुभांगी चहाची ताटली घेऊन बोलायला पुढं झाली. पण दारात पाव्हणे, पोरीचं लग्न. ती आत गेली.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात तिनं पोरीला धरलं. "तुला कायच वाटलं न्हाई?"

"आई, कागदावर दिशाच राहणार आहे. ऑफिसात दिशा, बँकेत दिशा. हे नुसतं घरातल्यासाठी."

"घरातच तर ऱ्हायचं असतंया!"

"एवढ्याशा गोष्टीवरून तू लग्नात तमाशा करू नकोस हां, प्लीज."

शेखरनंही तोंड घातलं. "तुजं बदललं तर काय वाकडं झालं गं? समदं बरंच झालं का न्हाई?"

एरवी तिनं त्याला सोडलं नसतं. पण या वेळी ती रागानं तशीच वर गेली, गौतमीला 'सरक' म्हणाली आणि पियानोसमोर बसली. भांडणाचा भाग तिनं पुन्हा पुन्हा वाजवला. गौतमी शहाणी, ती गुपचूप कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

वाजवता वाजवता शुभांगीनं रागाच्या भरात पान उलटलं आणि तिसऱ्या भागात शिरली. पहिली धून आली. दोन ओळी वाजवून ती थांबली. पुन्हा वाजवली. मग गच्चीकडं तोंड करून ओरडली, "गौतमे, तुजं पुस्तक चुकलंय!"

गौतमी ओले हात पुसत आली.

"ही पयली धून. ही घरी येनार व्हती ना? पांढरी येकमध्ये? हितं ती पांढरी चारवर बसलीया. छापनाऱ्यानं घोळ घातलाय."

"नाही काकू, बरोबर आहे," गौतमी म्हणाली. "मी तुम्हाला सगळ्या सोनाट्यांचा नियम सांगितला होता. ह्या सोनाट्यात त्यानं तो मोडलाय. पहिली धून घरी न येता दुसऱ्याच पट्टीत येते. मी पुढं सांगणारच होते, पण तुम्ही निघून गेलात."

"का मोडला?"

"माहीत नाही. कुणी म्हणतात आळशीपणा केला, कुणी म्हणतात मुद्दाम केलं. त्यानं कारण सांगितलेलं नाही."

"आन् दुसरी?"

"दुसरी मात्र पांढरी एकमध्येच येते. आणि शेवट तिथंच होतो."

शुभांगी पुन्हा पियानोकडं वळली. मग तिनं सावकाश तिसरा भाग वाजवला, चुकत, थांबत, डाव्या हाताला दटावत. पहिली धून परक्या पट्टीत उतरली, तिथून सूर शोधत शोधत निघाली, आणि दुसरी धून आली तेव्हा ती पांढरी एकमध्ये होती हे खरं, पण आता ते पहिलीचं घर वाटत नव्हतं. पहिलीलाही तिथं यायला वळसा घालावा लागला होता.

"म्हंजे दोगींनी बी आपली जागा सोडली," ती म्हणाली.

"तसं म्हणता येईल."

"तसंच म्हनायचं. मंग माजी तक्रार न्हाई." ती उठली. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते समाधान नव्हतं. भांडायला मुद्दा सापडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. गौतमीला एकदम काळजी वाटली, पण काकूंना काय सांगणार?

लग्न पौड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात लागलं. हल्ली सगळं तिथंच उरकतात. सप्तपदी झाली की कार्यालयातच लक्ष्मीपूजन, तिथंच नाव ठेवायचं, कारण संध्याकाळी हॉल दुसऱ्यांना द्यायचा असतो. त्यामुळं शुभांगीच्या आईला जे कधी बघायला मिळालं नव्हतं ते शुभांगीच्या डोळ्यांदेखत होणार होतं. स्टेजवर पाट मांडले. ताटात तांदूळ पसरले. साळूबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. इंद्रजितनं हातात अंगठी घेतली आणि तांदळावर वाकला. लिहायला सुरुवातही केली.

"थांबा," शुभांगी म्हणाली. "आजून येक ताट आना."

कुणाला काही कळेना. भटजींनी विचारलं, "कशाला?"

"जावयाचं नाव बदलायला. नवरीनं बदलायचं तर नवऱ्यानं बी बदलायचं. माजी लेक तांदळात लिवंल. दोगांनी सोडा न्हाईतर दोगांनी ठेवा."

स्टेजखाली कुणीतरी फिसकन हसलं. पंगतीची ताटं मांडणारी माणसं थांबून बघायला लागली. शेखर धावत वर आला आणि दातओठ खात म्हणाला, "शुभांगे, खाली चल." ती हलली नाही. इतक्या वर्षांत टँकरवाल्यावर, वॉचमनवर, भाडेकरूंवर जेवढी ओरडली नव्हती तेवढी ती आता ओरडत होती, आणि गंमत म्हणजे आवाज मुळीच चढलेला नव्हता.

साळूबाई उभ्या राहिल्या. "वं बाई, पुरुषाचं नाव बदलतंय व्हय कुटं?"

"बदलतंय."

"कुटं बगितलंस?"

"बगितलं न्हाई, वाजवलंय."

इंद्रजित मान वर करून म्हणाला, "आजी, माझं बदललं तरी मला काही..." आणि साळूबाई त्याच्यावर खेकसल्या, "तू गप ऱ्हा!"

तेवढ्यात दिशा उठली. तिच्या मुंडावळ्या कानात अडकल्या होत्या, डोळे लाल झाले होते. "बास कर आई! ओरडायच्या आधी एकदा वाचून तरी बघ, तो काय लिहितोय ते!"

ताट इंद्रजितकडं तोंड करून होतं. पण या वेळी शुभांगी उभी होती आणि चालत जाऊ शकत होती. ती जावयाच्या मागं गेली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तांदळात लिहिलं होतं: उज्वल. शेवटचा काना तेवढा राहिला होता.

"मीच सांगितलं त्याला," दिशा म्हणाली. आता ती उघड रडत होती. "इंद्राणी नको म्हटलं. बदलायचंच आहे तर आईचं, तांब्यावरचं घेते. कुणीतरी तुझं नाव वापरेल. रोज कुणीतरी त्या नावानं हाक मारेल. तुला सांगणार नव्हते, तुला असं, एकदम..."

हॉलमध्ये कुजबुज झाली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आता आई लेकीला मिठी मारणार आणि सगळं गोड होणार, अशी सगळ्यांची खात्री झाली. फोटोवाला पुढं सरसावला.

शुभांगीनं हात पुढं केला आणि तांदळातलं नाव पुसून टाकलं.

"ते माजं हाय," ती म्हणाली.

"आई..."

"तू लई मायेनं केलंस, मला कळतंय. माजी लेक हायेस तू, तुज्यावरनं जीव ओवाळून टाकीन. पर ते नाव मी मेल्यावर वाटाया काढायचं न्हाई का? मी जित्ती हाय आजून. ते मला पायजे. कुनी ठेवून घेतलं न्हाई, सांबाळलं न्हाई, म्हून काय ते मोकळं पडलंय व्हय? माजं मला ऱ्हाऊ दे. तुजं दिशा हाय, ते तू धर."

हे बोलताना तिच्या आवाजात प्रेम नव्हतं असं नाही. पण राग जास्त होता, आणि तो आता टँकरवाल्यावर, वॉचमनवर, त्या बाबावर नव्हता. इतकी वर्षं जो कुठं कुठं सांडत होता, तो आपल्या जागी येऊन उभा राहिला होता.

साळूबाई तिच्याकडं बघत होत्या. त्यांच्या तोंडावर मघाचा ताठा नव्हता. "मंग इतकी वरसं का मागितलं न्हाईस गं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मागायचं असतं हे ठावं नव्हतं," उज्वला म्हणाली.

साळूबाईंनी तोंड फिरवलं. मग खुर्चीत बसल्या आणि नातवाला म्हणाल्या, "ल्ही. दिशा ल्ही. जेवान गार हुतंय."

इंद्रजितनं तांदूळ हातानं सारखे केले आणि दिशा लिहिलं. दिशा आईकडं बघत नव्हती. तिला लागलं होतं, आणि ते लगेच भरून यायचं नव्हतं. उज्वलालाही ते दिसलं. तिनं पुढं होऊन लेकीच्या कानात अडकलेली मुंडावळी सोडवली. दिशानं डोकं मागं घेतलं नाही, तेवढंच. पेढे वाटायला सुरुवात झाली आणि लोक सुटल्यासारखे पंगतीकडं पळाले.

शेखर स्टेजच्या पायरीवर उभा होता. चारचौघांत झालं ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. विहीणबाईंच्या ओट्या भरायच्या राहिल्या होत्या आणि त्या तिनं भरल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. तो म्हणाला, "शुभांगे, ओट्या ऱ्हायल्यात." ती तांदळाच्या ताटाकडं बघत होती. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. मग तो जवळ आला, इकडं तिकडं बघितलं, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "उज्वला, चल."

"मोठ्यानं म्हना."

"लोकं हायेत गं."

"म्हूनच."

शेखरनं घसा खाकरला. पंगतीतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. त्यानं तोंड उघडलं, पण इतकी वर्षं एकाच बायकोबरोबर काढलेल्या माणसाला तिचं नाव काही केल्या नीट घेता येईना. पहिल्यांदा ते अर्धंच आलं. उज्वला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पुन्यांदा," ती म्हणाली.